आधी खालची शिल्लक

बी.कॉम. होऊन मी सांगलीतल्या एका सी.ए.च्या कार्यालयात कामाला लागले, तेव्हा मला जमाखर्च येतो अशी माझी समजूत होती. वाट्याला काम आलं ते बँकेचं स्टेटमेंट बघून एकेक नोंद टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याचं. पुढची सगळी वर्षं मी कुठल्या ना कुठल्या रूपात तेच करत आले आहे. आधी हातानं चढवत होते, मग प्रोग्राम लिहून चढवू लागले. एका बँकेच्या फायलीऐवजी अनेक बँकांच्या फायली आल्या, टॅलीशिवाय इतर ठिकाणीही त्या पोचवाव्या लागल्या. बँकेनं एका पद्धतीनं मांडलेला मजकूर दुसऱ्या पद्धतीनं मांडायचा आणि त्यात एका पैशाचाही फरक पडू द्यायचा नाही, एवढंच हे काम. त्यावर माझं घर चाललं. या कामात मला ज्यांनी उभं केलं त्यांतले एक माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. बाकीच्यांना मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या मेहनतीवर सांगलीत कोणी जगतं आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारणही नाही. मला दोन्ही देणी सारखीच वाटतात, म्हणून हे लिहून ठेवते.

शेजारी बसत ते अण्णा, कार्यालयातले सर्वांत जुने हिशेबनीस. त्यांचं उभं आयुष्य मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या वह्यांत गेलेलं. हळदीच्या पट्ट्या, हमाली-तोलाई, तासगावकडच्या बेदाणा व्यापाऱ्यांची येणी-देणी हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं रोजकीर्दीत लिहिलं होतं, आणि उतारवयात टॅलीही शिकून घेतली होती. मी स्टेटमेंटचा कागद समोर धरून वरच्या ओळीपासून नोंदी घालायला बसले तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

“आधी खाली बघ की. शेवटची शिल्लक किती? आणि सुरुवातीची? दोन्ही आकडे कोपऱ्यात लिही, मग कामाला लाग.”

आरंभीची शिल्लक घ्यायची, त्यात जमा मिळवायची, नावे वजा करायची, की अखेरची शिल्लक आली पाहिजे. हा ताळा मला पुस्तकातून माहीत होता. पण पुस्तकात तो शेवटी येतो आणि अण्णांच्या कामात तो सुरुवातीला असे. कुठे पोचायचं ते आधी लिहून ठेवलं की मध्ये कितीही कंटाळा आला तरी माणूस स्वतःची फसवणूक करू शकत नाही. स्टेटमेंटवर प्रत्येक नोंदीपुढे चालू शिल्लक छापलेली असते. अण्णा काही ओळी झाल्या की थांबत, टॅलीतली शिल्लक कागदावरच्या शिलकेशी पडताळत आणि मगच पुढे जात. फरक निघाला तर तो तेवढ्या ओळींतच शोधायचा, सगळं वर्ष उलगडत बसायचं नाही.

त्यांची दुसरी शिकवण उचंत खात्याची, म्हणजे कोणाची ते ठरेपर्यंत रक्कम तात्पुरती ठेवायच्या खात्याची. स्टेटमेंटवर पुष्कळदा नुसतं ‘ट्रान्सफर’ एवढंच लिहिलेलं असे. रक्कम बघून ही अमक्या दुकानदाराचीच असणार असं मला वाटे आणि मी त्याच्या नावावर ती टाकायला जाई. अण्णा म्हणत, “तुला वाटतंय की तुला माहीत आहे? वाटत असलं तर उचंतला टाक आणि पार्टीला फोन कर. अंदाजानं घातलेलं नाव एकदा वहीत बसलं की पुढं कोणी उठवत नाही गं.” हे मला तेव्हा वेळखाऊ वाटायचं. उचंत खात्यात नोंदी साठल्या की आपलं काम अपुरं दिसतं, म्हणून मला त्या खात्याची लाजही वाटे. त्यात अडकलेली नोंद ही प्रामाणिक नोंद असते, हे समजायला मला फार उशीर लागला.

तिसरी गोष्ट म्हणजे जमा आणि नावे यांची दिशा. बँकेचं स्टेटमेंट हे बँकेच्या वहीतलं आपलं खातं असतं. आपण भरलेले पैसे बँकेला आपल्याला परत द्यायचे असतात, म्हणून तिच्याकडे ते जमेला पडतात. आपल्या वहीत तेच पैसे बँकेच्या नावे लिहायचे. परीक्षेत मी हे बरोबर लिहिलं होतं, पण का ते अण्णांनी समजावलं. एकच व्यवहार दोन वह्यांत दोन बाजूंनी दिसतो आणि दोन्ही वह्या खऱ्या असतात. पुढे प्रोग्राम लिहिताना ही समज पदोपदी लागली.

हळूहळू कागद मागे पडून फायली येऊ लागल्या. व्यापाऱ्यांची मुलं नेट बँकिंगवरून स्टेटमेंट उतरवून पेन ड्राइव्हवर आणून देत. मजकूर संगणकावर आहेच, तर तो पुन्हा टंकायचा कशाला, असं मला वाटू लागलं. पण तो टॅलीत न्यायचा कसा याची काडीची कल्पना नव्हती. फाईल म्हणजे काय हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. नावाच्या शेवटी ‘एक्सएलएस’ आलं की ते स्प्रेडशीटच असणार असं मी धरून चाले. वालचंद कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मामेभावानं अशी एक फाईल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. आत वेब पानाच्या भाषेत लिहिलेला एक तक्ता होता. दुसरी उघडली तर तिच्यात टॅब घालून मांडलेला साधा मजकूर. “ताई, फायलीच्या नावावर जाऊ नकोस, आत काय आहे ते बघ,” तो म्हणाला. अण्णांनी उचंत खात्याविषयी जे सांगितलं होतं तेच हा मुलगा वेगळ्या तऱ्हेनं सांगत होता. माझ्या संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यानंच घालून दिली आणि तिच्यासोबत येणारी शिकवणी छापून आणून दिली. संध्याकाळी कार्यालय रिकामं झालं की मी ती वाचत बसे.

माझा पहिला प्रोग्राम सीएसव्ही फाईल वाचण्याचा होता. सीएसव्ही म्हणजे प्रत्येक नोंद एका ओळीवर आणि रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेले, एवढंच मला ठाऊक. म्हणून मी प्रत्येक ओळ स्वल्पविरामाशी तोडली. त्यात १,२५,०००.०० ही रक्कम तीन तुकडे होऊन तीन रकान्यांत गेली आणि तिच्या पुढची शिल्लक भलतीकडेच पोचली. अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम तोडायचा नसतो, अवतरणांच्या आत पुन्हा अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहितात, एका रकान्यातला तपशील कधी कधी दोन ओळींवरही जातो, यांतलं काही मला माहीत नव्हतं. ते कळलं पायथनमधल्या ‘सीएसव्ही’ नावाच्या तयार मोड्यूलमुळे. २००३ साली पायथनच्या २.३ आवृत्तीत ते आलं. त्याच्या प्रस्तावावर केविन आल्टिस, डेव्ह कोल, अँड्र्यू मॅकनमारा, स्किप मॉन्टानारो आणि क्लिफ वेल्स अशी पाच नावं आहेत. मी ती वहीत उतरवून ठेवली. सीएसव्ही दशकानुदशकं वापरात होती, पण तिचे सर्वसाधारण नियम ‘आरएफसी ४१८०’ या टिपणात २००५ साली लिहिले गेले. त्याआधीच या पाच जणांनी तऱ्हेतऱ्हेच्या फायलींतल्या खाचाखोचा निस्तरून ते सगळं कोणालाही विनामूल्य वापरता येईल असं करून ठेवलं होतं. ज्या खड्ड्यात मी पडले होते तो त्यांनी माझ्याआधी बघितला होता आणि बुजवून ठेवला होता. मला फक्त त्या वाटेनं जायचं होतं.

वाचन जमल्यावर मी अण्णांचा ताळा प्रोग्राममध्ये घातला. आरंभीची शिल्लक, प्रत्येक जमा, प्रत्येक नावे, आणि शेवटी फायलीतल्या अखेरच्या शिलकेशी तुलना. तुलना फसली. फरक किती म्हणून छापून बघितलं तर पैशाच्या कोट्यंशाइतका काहीतरी आकडा. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीनं साठवतो आणि रुपयाचा दहावा भाग, म्हणजे आपले साधे दहा पैसे, त्या पद्धतीत नेमके लिहिता येत नाहीत. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतो. मी यावर पळवाट काढली होती की एका पैशाहून कमी फरक असेल तर जुळलं असं धरायचं. अण्णांना ते दाखवलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “हिशेबात ‘जवळजवळ जुळलं’ असं खातं नसतं.”

मग मला ‘डेसिमल’ हे मोड्यूल सापडलं. अर्जेंटिनाच्या फाकुंदो बातिस्ता यांनी त्याचा प्रस्ताव मांडला आणि २००४ साली पायथन २.४ मध्ये ते आलं. त्याचा पाया माइक कौलिशॉ यांनी आयबीएममध्ये घातलेल्या दशमान गणिताच्या नियमांचा. त्यात दहा पैसे हे दहा पैसेच राहतात. रक्कम मजकुरातून थेट डेसिमलमध्ये घ्यायची, मध्ये द्विमान अपूर्णांकाला हातही लावू द्यायचा नाही, ही शिस्त मी तेव्हा लावून घेतली आणि आजवर मोडलेली नाही. फरक शून्य आला, अगदी शून्य, तेव्हा मला झालेला आनंद सांगण्यासारखा नाही. तो माझ्या हुशारीचा आनंद नव्हता. मला न ओळखणाऱ्या दोन माणसांनी माझं अण्णांपुढचं उत्तर तयार ठेवलं होतं.

ताळा सगळं पकडत नाही, हेही याच काळात उमगलं, आणि याविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. ०४/०३/२०१२ ही तारीख आपल्याकडे ४ मार्च. अमेरिकी रिवाजानं मांडलेल्या संगणकावर तीच ३ एप्रिल होते. बेरजेला याचं काही सोयरसुतक नसतं. शिल्लक तंतोतंत जुळते. पण ४ मार्चची नोंद एका आर्थिक वर्षात आणि ३ एप्रिलची पुढच्या वर्षात. म्हणजे ताळा बरोबर येऊनही व्यापाऱ्याचं दोन वर्षांचं उत्पन्न चुकीचं दिसू शकतं. जिथे दिवसाचा आकडा बारापेक्षा मोठा आहे तिथे ही अदलाबदल होऊच शकत नाही, म्हणून महिन्याच्या निम्म्याहून अधिक तारखा बरोबर दिसतात आणि वरवर बघणाऱ्याला शंका येत नाही. यावर उपाय म्हणजे तारखेचा साचा फाईलगणिक स्पष्ट सांगायचा, आणि नोंदींच्या तारखा क्रमानं चढत जातात की नाही हे वेगळं तपासायचं. तसंच तपशिलाचं. एका नोंदीचा तपशील सरकून दुसरीला चिकटला तरी शिलकेला कळत नाही. म्हणून बेरीज जुळली की काम संपलं, असं मी मानेनाशी झाले. अण्णा कागदावर प्रत्येक ओळीशी बोट का ठेवत, त्याचं कारण मला इथे मिळालं.

टॅलीत नोंदी घालायला एक्सएमएलची फाईल बनवावी लागते. प्रत्येक व्यवहाराचं एक व्हाउचर, त्यात त्याचा प्रकार, तारीख, तपशील आणि निदान दोन खाती. आलेला पैसा असेल तर रिसीट, गेलेला असेल तर पेमेंट, आणि दुकानातली रोकड बँकेत भरली किंवा बँकेतून काढली तर कॉन्ट्रा. या फायलीत नावे बाजूची रक्कम उणे चिन्हानं लिहितात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते उलटं वाटतं. पण दोन वह्यांची गोष्ट डोक्यात पक्की असल्यामुळे मला ते चटकन पटलं. ज्या नोंदींचं खातं प्रोग्रामला ओळखता येत नाही त्या सगळ्या तो उचंत खात्याला टाकतो. हा नियम मी पहिल्या दिवसापासून घातला. नंतर काही जणांनी सुचवलं की रकमेवरून, मागच्या नोंदींवरून अंदाज करून खातं भरता येईल, वेळ वाचेल. मी अंदाज सुचवू देते, पण तो वेगळ्या रकान्यात. माणसानं होकार दिल्याशिवाय तो वहीत जात नाही.

पीडीएफनं माझी खरी परीक्षा घेतली. पुष्कळ बँका स्टेटमेंट पीडीएफमध्येच देतात. बघायला तो सुबक तक्ता असतो, पण पीडीएफच्या आत बहुधा तक्ता नसतोच. अमुक अक्षर पानावर डावीकडून इतक्या आणि खालून इतक्या अंतरावर काढ, अशा आज्ञा असतात फक्त. ओळ, रकाना, रिकामी जागा हे सगळं आपल्या डोळ्यांनी रचलेलं असतं. जमा आणि नावे असे दोन रकाने शेजारी असतात आणि दरवेळी त्यातला एक रिकामा. मजकूर नुसता ओळीनं काढला तर रिकामा रकाना नाहीसा होतो आणि ५०,००० रुपये आले की गेले हे कळायला मार्ग उरत नाही. त्यात लांब तपशील दोन-तीन ओळींवर जातो, आणि पान बदललं की मथळे पुन्हा येतात.

इथे मला पत्रकारांनी हात दिला. टॅब्युला हे साधन मानुएल आरिस्तारान यांनी प्रोपब्लिका, ला नासिओन यांसारख्या वृत्तसंस्थांतल्या सहकाऱ्यांबरोबर बनवलं. पीडीएफप्लंबर हे जेरेमी सिंगर-व्हाइन यांचं, तेही पेशानं डेटा पत्रकार. पत्रकारांना सरकारी आणि इतर कागदपत्रांत अडकून पडलेले आकडे बाहेर काढायचे असतात, लोकांपुढे आणायचे असतात. त्यासाठी लागलेली हत्यारं त्यांनी सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. पीडीएफप्लंबर प्रत्येक अक्षराचा पानावरचा ठावठिकाणा देतो. त्यावरून रकाने ठरवता येतात. तरीही काही पानांवर रकान्यांची कड हलते आणि संशय उरतोच. तो संशय फेडला अण्णांच्या चालू शिलकेनं. मागच्या ओळीची शिल्लक आणि या ओळीची शिल्लक यांतला फरकच सांगतो की रक्कम आली की गेली. रकाना काय म्हणतो आणि शिल्लक काय म्हणते हे दोन स्वतंत्र साक्षीदार. दोघांचं एकमत झालं तरच नोंद पुढे जाते, नाहीतर प्रोग्राम तिथे थांबतो आणि पानाचा, ओळीचा पत्ता छापतो.

२०१६च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. पुढच्या वर्षीच्या प्राप्तिकर विवरणपत्रात ९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर या काळात खात्यांवर एकूण २ लाख रुपये किंवा अधिक रोकड भरली असेल तर ती दाखवायची होती. कार्यालयातल्या प्रत्येक अशिलाच्या प्रत्येक खात्यातून त्या दिवसांतला रोख भरणा वेगळा काढायचा. प्रत्येक बँक रोख भरणा वेगळ्या शब्दांत लिहिते. कुठे ‘बाय कॅश’, कुठे ‘कॅश डिपॉझिट’, कुठे नुसती यंत्राची खूण. आधीची सगळी स्टेटमेंटं मी एकाच साच्यात आणून ठेवली होती म्हणून हे काम झालं. लोक घाबरलेले होते. कार्यालयात येऊन बसत, आपला आकडा बरोबर आहे ना, असं पुन्हा पुन्हा विचारत. एका वयस्क बाईंनी घरखर्चातून साठवलेल्या नोटा भरल्या होत्या. त्यांची यादी मी त्यांच्या पासबुकाशी ओळीनं ताडून दाखवली, तेव्हा त्या जरा सैल बसल्या. मी जे करते ते नुसतं फायलींचं रूपांतर नाही, कोणाच्या तरी निर्धास्तपणाची जबाबदारी माझ्याकडे आहे, हे मला त्या हंगामात पुरतं कळलं. अण्णांना ते बहुधा पहिल्यापासून ठाऊक होतं.

त्यानंतर यूपीआय एवढ्या वेगानं पसरलं की औषधाच्या लहानशा दुकानाचं मासिक स्टेटमेंटही पानोपानी वाढलं. वीस रुपये, पस्तीस रुपये, पुन्हा वीस रुपये. प्रत्येक नोंदीत बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि देणाऱ्याचं नाव, पण बँकेगणिक त्यांचा क्रम निराळा. त्यातच लोक मार्चपर्यंतची फाईल देत आणि पुढची फाईल मार्चच्या मध्यापासून सुरू होई, म्हणून काही नोंदी दोनदा येत. तारीख, रक्कम आणि तपशील सारखे असले की मी दुसरी नोंद दुहेरी समजून काढून टाकू लागले. ताळ्यानं लगेच हरकत घेतली. एटीएममधून एकाच दिवशी दोनदा दहा-दहा हजार काढणारा माणूस खरा असतो, आणि तपशिलात दोन्ही नोंदी कधी कधी हुबेहूब असतात. ओएफएक्स नावाची एक खुली मांडणी आहे, मायक्रोसॉफ्ट, इंट्यूट आणि चेकफ्री यांनी १९९७ साली जाहीर केलेली. तीत प्रत्येक नोंदीला बँकेनं स्वतःची एकमेव ओळख द्यायची असते, ती याचसाठी. आमच्या फायलींत ती ओळख नव्हती. पण चालू शिल्लक होती, आणि दोन खऱ्या नोंदींपुढची शिल्लक सहसा निरनिराळी असते. तारीख, रक्कम, तपशील आणि शिल्लक मिळून आमची ओळख झाली. जिथे अडले तिथे त्या एकाच रकान्यानं मला सोडवलं आहे.

पुढे लग्न होऊन पुण्याला आले आणि एका कारखान्याच्या वित्त विभागात नोकरी लागली. तिथे स्टेटमेंटं येत ती एमटी ९४० या साच्यात, बँकांमधल्या संदेशांसाठी स्विफ्टनं ठरवलेल्या. मी या साच्याचं नावही ऐकलं नव्हतं. दोन विसर्गचिन्हांसारख्या टिंबांमध्ये क्रमांक, आणि पुढे आकडे नि अक्षरं एकाला एक चिकटलेली. सहकाऱ्यांना वाटे की मला हे येतं, आणि मी घरी येऊन रात्री ती ओळ न ओळ फोडून वाचत असे. एकसष्ट क्रमांकाच्या ओळीत व्यवहार, आधी वर्ष-महिना-दिवस अशी तारीख, मग जमा की नावे, मग रक्कम, आणि दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम. शहाऐंशीच्या ओळीत तपशील. आणि व्यवहारांच्या आधी साठ क्रमांकाची ओळ, व्यवहारांनंतर बासष्टची: आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक. दोन्हींशिवाय संदेश पुराच होत नाही. आयएसओ २००२२ मधली नवी एक्सएमएल मांडणी, कॅम्ट ०५३, तिच्यातही या दोन शिलकांना स्वतंत्र खुणा आहेत. जगभरच्या बँकांनी मिळून ठरवलेल्या साच्यात अण्णांच्या त्या कागदाच्या कोपऱ्यातले दोन आकडे मला भेटले.

मी त्यांना फोन केला. ते तोवर निवृत्त होऊन गावी राहायला गेले होते, दृष्टी अधू झाली होती, पण हिशेबाचं काही सांगितलं की आवाज तसाच. मी उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि मधल्या प्रत्येक ओळीला शिल्लक देतात का त्यात?”

“नाही अण्णा. वर आणि खाली, एवढीच. फार मोठं स्टेटमेंट असलं तर त्याचे तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकड्याला आपली आपली.”

“मग चुकलंय एवढं कळेल. कुठं चुकलंय ते कसं कळणार?”

मी इतक्या रात्री तो साचा वाचला होता, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी तो पाहिलाही नव्हता.

त्या प्रश्नानंतर मी माझी मधली मांडणी बदलली. कुठल्याही बँकेची फाईल येवो, एमटी ९४०, सीएसव्ही किंवा पीडीएफ, आधी ती माझ्या एकाच साच्यात येते आणि मग तिथून टॅलीत, स्प्रेडशीटमध्ये किंवा कारखान्याच्या प्रणालीत जाते. त्या साच्यात आता प्रत्येक ओळीपुढे शिलकेचे दोन रकाने असतात, एक बँकेनं दिलेल्या शिलकेचा, दुसरा प्रोग्रामनं काढलेल्या शिलकेचा. बँकेनं दिली नसेल तर पहिला रकाना रिकामा राहतो, तो आम्ही आपल्या आकड्यानं भरत नाही. काढलेला आकडा दिलेल्याच्या जागी बसवला की तपासणी झाल्यासारखी दिसते आणि झालेली नसते. तुकड्यांमधल्या शिलकांशीही पडताळणी होते, त्यामुळे फरक आला तर निदान कुठल्या तुकड्यात शोधायचं ते कळतं.

हा प्रोग्राम मी सांगलीच्या त्या कार्यालयालाही दिला आहे. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता; त्यातलं मोलाचं जे आहे ते मला ज्यांनी दिलं त्यांनीही घेतले नव्हते. देताना खऱ्या नोंदींचे नमुने सगळे काढून टाकले आणि जागी बनावट खाती, बनावट नावं घातली, कारण स्टेटमेंट ही दुसऱ्याची खाजगी गोष्ट आहे, अशिलाचा कागद टेबलावर पालथा ठेवण्याची सवयही मला तिथेच लागली होती. आता तिथे बसणाऱ्या मुलीनं एक मागणी केली: चूक झाली की पडद्यावर इंग्रजी मजकूर येतो, तो मराठीत येईल का? कार्यालयातल्या वडीलधाऱ्यांनाही मग वाचता येईल. मी सगळे संदेश बसून मराठीत लिहिले. ‘पान ३, ओळ १७. मागची शिल्लक आणि ही रक्कम यांवरून येणारी शिल्लक छापलेल्या शिलकेशी जुळत नाही. फरक ४५०.००. पुढे गेलेलो नाही.’ असं आता तो सांगतो. सहकारी बँकांच्या काही फायलींत जुन्या फॉन्टमधली मराठी असते आणि ती वाचायला गेलं की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. त्यासाठी अक्षरांचा तक्ता बनवायला घेतला आहे. तोवर त्या नोंदींचा तपशील रिकामा राहतो, आणि नोंदी उचंतला जातात.